नफा एकाचा, निस्तरायचे दुसऱ्याने

मेक्सिकोतील तिहुआना शहरात 'मेतालेस इ देरिवादोस' हा कारखाना जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसे काढत असे. १९९४ मध्ये सरकारने तो बंद पाडला. मालक सीमा ओलांडून अमेरिकेत निघून गेला. शिसेयुक्त कचऱ्याचे हजारो टनांचे ढीग उघड्यावरच राहिले. वारा सुटला की धूळ आणि पाऊस पडला की गढूळ पाणी, दोन्हींची वाट खालच्या चिल्पान्सिंगो वस्तीकडे. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर घाव घालते आणि तो भरून निघत नाही.

१९९८ मध्ये रहिवाशांच्या समितीने अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्या संयुक्त पर्यावरण आयोगाकडे दाद मागितली. २००२ मध्ये अहवाल निघाला; पण सफाईचा हुकूम सोडण्याचा अधिकारच आयोगाला नव्हता. अखेर २००४ मध्ये सरकारने वस्तीशी करार केला. काम २००८ पर्यंत चालले. काही कचरा हलवला, उरलेला तिथेच काँक्रीटखाली बंद केला. खर्च सरकारी तिजोरीचा.

हा कुठला न्याय? माझे स्पष्ट मत आहे की, सफाईची रक्कम आधी अनामत ठेवल्याशिवाय अशा कारखान्याला परवाना देऊच नये. ग्रंथालयातले एक पुस्तक घरी न्यायचे तर आपल्याकडूनही अनामत घेतात. मग विषाचा धंदा बिनअनामत का चालावा?