कृत्रिम विमान-इंधनाची अग्निपरीक्षा

बदलापूर गावातील हॉटेलात वडे तळणारा आचारी रसायनशास्त्र शिकलेला नसतो. पण तेच तेल पुन्हापुन्हा तापविले की ते काळवंडते, दाट होते आणि कढईला चिकट राप धरते, हे त्याला पक्के ठाऊक असते. उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांचा हा प्रताप. विमानाच्या इंधनाचे दुखणेही याच जातीचे आहे. फरक एवढाच की, कढई घासता येते. आकाशातील इंजिन घासता येत नाही.

आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ पासून एक टक्का व २०२८ पासून दोन टक्के पर्यायी इंधन मिसळण्याचे लक्ष्य केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी १९ मे रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने इंडियन ऑइलच्या साहाय्याने सिद्ध केलेले असे इंधन अल्प प्रमाणात वापरले गेले. साखर आणि मळी यांच्या प्रदेशात या वार्तेचे स्वागत व्हावे, हे स्वाभाविक होय. परंतु आपली सारी चर्चा लिटर आणि दर यांपाशीच थांबते. गुणवत्तेचा हिशेब कोणी मांडत नाही.

विमानातील इंधन केवळ जळत नाही. जळण्यापूर्वी ते इंजिनाच्या वंगणाची उष्णता शोषून घेते. या तापण्यात त्यात विरघळलेला प्राणवायू हायड्रोकार्बनशी संयोग पावतो, पेरॉक्साइडे तयार होतात आणि पुढे नळ्यांत व फवाऱ्यांच्या बारीक छिद्रांत राप साचतो. खनिज तेलापासून काढलेल्या इंधनातील गंधकाची व फिनॉल जातीची अल्पशी संयुगे ही क्रिया मंदावतात; मात्र राप धरण्यास पुढे तीच हातभार लावतात. कृत्रिम इंधनाचे उलट आहे. ते इतके शुद्ध असते की, राप कमी धरते; पण नैसर्गिक संरक्षक नसल्यामुळे ऑक्सिडीकरण एकदा सुरू झाले की वेगाने चालते. म्हणून निर्मितीच्या वेळीच त्यात ऑक्सिडीकरणरोधक मिसळावा लागतो. तांब्याचा लेशमात्र अंशही क्रियेला वेग देतो.

याची परीक्षा ठरलेली आहे. तापविलेल्या धातूच्या नळीवरून अडीच तास इंधन वाहवितात. नळीवर किती डाग पडला आणि गाळणीपाशी दाब किती वाढला, ते मोजतात. मिश्रणासाठी नळीचे तापमान २६० अंश सेल्सियस असते, तर शुद्ध कृत्रिम घटकाला बहुधा ३२५ अंशांची कसोटी लागते.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. ज्या मालाचा दर्जा डोळ्यांना दिसत नाही, त्याच्या बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. स्वच्छ दिसणाऱ्या दोन पिंपांतील भेद ग्राहकाला कळला नाही, तर तो दोहोंना सारखाच, म्हणजे कमी, भाव देईल. आणि काळजीपूर्वक माल करणारा उत्पादक बुडेल. मोठ्या तेल कंपन्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत, हे खरे. परंतु विक्रेत्यानेच परीक्षक व्हावे, ही व्यवस्था फार काळ विश्वासास पात्र राहत नाही. शिवाय लहान उत्पादकाला तीही सोय नाही.

म्हणूनच मिश्रणाच्या टक्केवारीइतकेच लक्ष परीक्षणाच्या सोयींकडे दिले पाहिजे. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत. अंबरनाथला नौदलासाठी काम करणारी पदार्थ-संशोधन प्रयोगशाळा आहे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन रोज सकाळी लोकलने मुंबईकडे जाणारे तरुण तर आहेतच. या उद्योगांची किंमत उल्हास नदीने आणि तिच्या काठच्या वस्तीने वर्षानुवर्षे मोजली. त्यातून मिळणारे ज्ञान व मानाचे काम मात्र बहुधा अन्यत्र गेले. शासनाने, औद्योगिक वसाहतीने आणि महाविद्यालयांनी मिळून येथे एक सामायिक, स्वतंत्र परीक्षणशाळा उभारावी. माफक शुल्कात लहान उत्पादकाचा नमुना तेथे तपासला जावा आणि निकाल, अनुकूल असो वा प्रतिकूल, जसाच्या तसा नोंदला जावा.

उसाला लागणारे पाणी, इंधनाची चढी किंमत हे प्रश्न उरतातच, आणि त्यांची चर्चाही झाली पाहिजे. पण जे इंधन तापल्यावर टिकत नाही, ते कितीही स्वस्त आणि स्वदेशी असले, तरी महागच पडणार. टक्केवारी अधिसूचनेने वाढविता येते. विश्वास मात्र कसोटीवर उतरूनच मिळवावा लागतो.