काय न्यायचं, काय ठेवायचं

नव्या लॅपटॉपवर जुन्यातलं सगळं ओतायचं नाही, हे मी आधीच ठरवलं. 'डाउनलोड्स' वगळलं, ब्राउझरची कॅशे वगळली. आईच्या वहीचे स्कॅन मात्र सर्वांत आधी घेतले, तेलाचा डाग पडलेल्या पुरणपोळीच्या पानासकट. यासाठी माझा भरवसा १९९६ साली आलेल्या आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या साधनावर. नेटवर्कवरून पाठवताना ते फाइलचा बदललेला भागच पाठवतं, आणि 'ड्राय रन' सांगितलं तर काहीही न हलवता नुसती यादी दाखवतं. ती यादी ओळ न् ओळ वाचा, अगदी कळकळीनं सांगते. कारण 'डिलीट'चा पर्याय लावलेला असला की इकडे खोडलेली फाइल तिकडूनही जाते. म्हणून वहीची तिसरी प्रत कपाटातल्या हार्ड डिस्कवर आहे. तिला सिंक लावलेलंच नाही.