पन्नास सालचा कागद

पनवेल परिसरातल्या एका कचेरीत गेल्या आठवड्यात एक कातकरी बाई जातीच्या दाखल्यासाठी आली होती. मुलीला वसतिगृहात घालायचं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, सगळं घडी घालून आणलेलं. टेबलापलीकडच्या माणसाने कागद चाळले आणि विचारलं, "पन्नास सालाआधीचा काय पुरावा?" बाई म्हणाली, "बाप भट्टीवर जल्मला, साहेब. आज्याचं कोण लिवून ठेवनार?" रांगेत मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

नियम असा, की अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. महाराष्ट्रात केंद्राने 'विशेष असुरक्षित' म्हणून नोंदवलेल्या जमाती तीनच: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. कातकऱ्यांची मोठी वस्ती रायगडात. तरीही हा जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा आणि त्यातले ग्रामसभेचे अधिकार इथल्या वाड्यांना मिळालेले नाहीत.

पुराव्याचंच बोलायचं, तर शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तिथल्या जंगल सत्याग्रहावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात जे हुतात्मे झाले, त्यांत नाग्या महादू कातकरी होता. दरवर्षी त्या दिवशी चिरनेरला मानवंदना होते, पुढारी येतात, भाषणं होतात. ज्या जमातीचं नाव सरकार हुतात्म्यांच्या यादीत वाचून दाखवतं, तिच्या नातवंडांना १९५० साली आपण इथे होतो हे सिद्ध करायला लावणं हा अपमान आहे. खोटे दाखले काढणाऱ्यांना चाप बसावा म्हणून कडक नियम हवेत, हे मान्य. पण खोटा दाखला काढणाऱ्याकडे कागदांची कधीच वाण नसते. अडतो तो खरा कातकरी.

कागद नसण्याचं पहिलं कारण वीटभट्टी. गणपती-दसऱ्याच्या सुमाराला भट्टीच्या शेठकडून आगाऊ उचल घ्यायची, दिवाळी झाली की नवरा-बायकोने पोरांसकट भट्टी गाठायची, आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढायचे आणि पावसाच्या तोंडावर हिशेब. हिशेबात अंगावर बाकी निघाली, की पुढचा हंगामही त्याच शेठकडे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, ही उचल मात्र अजून माणसं बांधून ठेवते. पोर भट्टीवर जन्मतं, त्याची नोंद ना भट्टीच्या गावात होते ना वाडीच्या. मग आधार काढताना जन्मतारीख टाकली जाते १ जानेवारी. एका घरातल्या चार कार्डांवर तीच तारीख, फक्त साल वेगळं.

घराचंही तेच. अनेक वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. पूर्वी जमीनमालकाला शेतावर हाताशी माणसं हवी होती, म्हणून त्याने झोपड्या बांधू दिल्या. आता त्याला गिऱ्हाईक हवं आहे. मुंबई इकडे सरकत आली तशा जमिनींच्या किमती चढल्या आणि कुंपणं पडू लागली. बकल्स आणि खेडकर यांनी २०१३ च्या 'फायटिंग एव्हिक्शन' या पुस्तकात कातकरी वाड्यांवरचं हे संकट मांडलं होतं. त्यानंतर ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलच्या विमानतळाचं उद्घाटनही झालं. वाडीला गावठाण म्हणून जाहीर करायचा रस्ता कायद्यात आहे, तो अर्ज पुढे ढकलायला मात्र पुन्हा कोणाचा तरी हात लागतो.

हा हातच इथलं खरं राजकारण चालवतो. दाखला हक्काने मिळाला असता तर बाई घरी गेली असती आणि विषय मिटला असता. तो मिळत नाही, म्हणून गावचा कोणीतरी 'कार्यकर्ता' मध्ये पडतो, साहेबांना फोन लावतो, काम करून देतो. मतदानाच्या दिवशी भट्टीवर जी जीप येते, ती त्याचीच. वाडीने कोणाला मत द्यायचं हे तो सांगतो आणि वाडी ऐकते, कारण पुढचा कागदही त्याच्याकडूनच निघणार आहे. ग्रामपंचायतीत जमातीसाठी राखीव जागा असते. पण तिथे उभं राहायलाही जात वैधता लागते. म्हणजे उमेदवार कोण, हे वाडीवर ठरत नाही. कागद कोणाचे पूर्ण करून द्यायचे हे जो ठरवतो, तोच उमेदवारही ठरवतो. आणि वर पुन्हा, "ही माणसं दारूवर मत विकतात" असं बाजारपेठेत बसून बोलणारे भेटतात. त्यांनी त्या रांगेत एक दिवस उभं राहावं.

केंद्राची पीएम-जनमन योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये नेमकी अशा 'विशेष असुरक्षित' जमातींसाठी आली. आधार, जातीचे दाखले, बँक खाती वाडीवर जाऊन द्यायची, हा विचार उत्तम होता. पण पहिली मोठी मोहीम झाली डिसेंबर-जानेवारीत. त्या दिवसांत वाडीवर म्हातारी माणसं आणि कुत्री असतात, बाकी सगळे भट्टीवर. शिबिरं जून-जुलैत लावावीत, पावसात चिखल तुडवत जावं लागलं तरी. नाहीतर थेट भट्टीवर टेबल मांडावं आणि त्या दिवसाची खर्ची शेठने कापायची नाही, हे तिथेच लिहून घ्यावं. पन्नास सालची चौकशीही कचेरीनेच करावी: वाडीतल्या जुन्या माणसांना विचारून, शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला विचारून.

त्या बाईला पुढची तारीख मिळाली आहे. वसतिगृहाचे अर्ज त्याआधी बंद होतात.