तापात काढलेला लोहाचा रिपोर्ट

हल्ली 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये सीरम आयर्न, फेरिटिन, झिंक, कॉपर सगळंच असतं. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो आणि त्यात जे लाल अक्षरात दिसेल त्याच्या गोळ्या दुसऱ्या दिवशी केमिस्टकडून सुरू होतात. माझं मत स्पष्ट आहे: अंगात ताप असताना, न्यूमोनियात, ऑपरेशननंतरच्या दिवसांत किंवा संधिवाताचा जोर असताना नुसत्या या आकड्यांवरून काहीही सुरू करू नये.

जंतुसंसर्ग, जखम, संधिवात अशा वेळी शरीर जी प्रतिक्रिया देतं तिला आम्ही दाह म्हणतो. (मिरची खाल्ल्यावर पोटात होते ती आग वेगळी.) या दाहात शरीरातल्या धातूंच्या जागा बदलतात.

लोहाचं बघा. शरीरात एकूण लोह असतं साधारण 3 ते 4 ग्रॅम. त्यातलं रक्तद्रवात फिरतं ते जेमतेम 3 ते 4 मिलिग्रॅम, म्हणजे हजारावा भाग. सीरम आयर्नच्या तपासणीत मोजलं जातं ते एवढंच. दाह सुरू झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं. ते आतड्यातून आणि साठ्याच्या पेशींतून लोह बाहेर पडण्याचा दरवाजा बंद करतं, आणि काही तासांत रक्तातलं लोह उतरतं. लोह कुठे गेलेलं नसतं, कडीकुलपात असतं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. गावात चोर शिरल्यावर आपण दागिने कपाटात ठेवतो, तसंच हे. अशा वेळी गोळ्यांमधलं लोह आतड्यातून फारसं आत शिरतच नाही; मळमळ आणि बद्धकोष्ठ मात्र पदरात पडतं.

फेरिटिनची गोष्ट उलटी. ते लोहाच्या साठ्याचं माप, पण दाहात ते आपोआप वाढतं. त्यामुळे साठा रिकामा असूनही रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो. मला जास्त काळजी या फसव्या नॉर्मलची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शनात निरोगी प्रौढांसाठी लोहाच्या कमतरतेची रेषा 15 आहे, आणि संसर्ग किंवा दाह असलेल्यांसाठी 70. लॅबच्या कागदावर मात्र बहुधा एकच रेषा छापलेली असते.

झिंक दाहात रक्तातून यकृतात सरकतं, म्हणून कमी दिसतं. तांबं वाढतं, कारण ते वाहून नेणारं सेरुलोप्लाझमिन हे प्रथिन यकृत जास्त बनवतं. मग घरात शंका, तांब्याच्या भांड्यातलं पाणी बाधलं का? बिचाऱ्या भांड्याचा बहुतेक वेळा काही दोष नसतो. (गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही रक्तातलं तांबं वाढतं.)

करोनाच्या काळात लागलेली झिंकची सवय काही जणांची अजून सुटलेली नाही. जास्त डोस महिनोन् महिने घेतला तर झिंक आतड्यात तांब्याचं शोषण अडवतं. त्यातून रक्त कमी होतं, पाय बधिर होऊन चालताना तोलही जाऊ शकतो. 'साधं मिनरल आहे, काय होतंय' हे म्हणणं म्हणून मला पटत नाही.

तपासणी करायचीच असेल तर सोबत सीआरपी करा. ते वाढलेलं असेल, तर बरं झाल्यावर काही आठवड्यांनी धातूंची तपासणी पुन्हा करा. ज्यांचा दाह लवकर जाणारा नाही, जसे संधिवात, क्षयरोग किंवा किडनीच्या जुन्या आजाराचे पेशंट, त्यांना थांबून चालत नाही. तिथे खरी कमतरता आणि दाह दोन्ही एकत्र असू शकतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन सगळं एकत्र बघून डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

आणि गरोदर बायकांनी हे वाचून लोहाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्या तुमच्या डॉक्टरांनी दिल्या आहेत, पॅकेजने नाही.