आधी मोजा, मग शिजवा!

हॉस्टेलच्या रूमवर वजनकाटा? माझ्या टेबलावर तो दिसला की हमखास कुणीतरी विचारतं, 'काय गं, सोनं विकतेस का?' हसा, खुशाल हसा. पण माझा सकाळचा इन्सुलिनचा हिशेब त्याच काट्यावर सुरू होतो.

मला टाइप वन डायबेटिस आहे. शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं. किती घ्यायचं हे ठरवताना ताटात कार्ब्ज किती आहेत हे बघावंच लागतं. फर्स्ट इयरला डाएट चार्टवर लिहून मिळालं, 'नाश्ता : ओट्स ४० ग्रॅम.' मी ओट्स शिजवले आणि शिजलेले ४० ग्रॅम मोजून घेतले. जेमतेम तीन-चार चमचे! इन्सुलिन मात्र पूर्ण ४० ग्रॅमच्या हिशेबाने घेतलं. दुसऱ्या लेक्चरला हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला. शुगर खाली गेली होती. शेजारच्या मैत्रिणीने पाण्यात ग्लुकोज कालवून दिलं म्हणून निभावलं.

चूक साधी होती. ४० ग्रॅम म्हणजे कोरडे ओट्स. त्यात साधारण २७ ग्रॅम कार्ब्ज असतात. एक कप पाण्यात शिजले की तेच ओट्स दोनशे ग्रॅमच्या वर जातात. म्हणजे माझ्या वाटीत होतं बरंचसं पाणी आणि जेमतेम सात ग्रॅम ओट्स!

उलटी चूकही तितकीच सोपी. 'ओट्स हेल्दी असतात' म्हणून वाटी गच्च भरायची, वर केळं, वर मध. मध्यम केळ्यात २० ते २५ ग्रॅम कार्ब्ज असतात, चमचाभर मधात पाच-सहा. पाण्याऐवजी २०० मिली दूध घातलं तर आणखी दहाएक. मग शुगर वाढली की खापर ओट्सवर!

माझं म्हणणं एवढंच, की 'हेल्दी काय?' हा प्रश्न अर्धाच आहे. 'किती?' हा उरलेला अर्धा. ४० ग्रॅम कोरड्या पोह्यांत तीसेक ग्रॅम कार्ब्ज असतात, म्हणजे ओट्सच्या फार पुढे नाहीत. ओट्समध्ये फायबर जास्त, हे खरं. पण न मोजलेल्या ओट्सपेक्षा मोजलेले पोहे बरे!

करायचं काय? वाटी काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, मग कोरडे ओट्स घाला. पाकिटामागचे आकडेही कोरड्या ओट्सचेच असतात. रोज सकाळी घाई होते? रविवारीच सात डब्या भरून ठेवा. शक्यतो साधे रोल्ड ओट्स घ्या. बारीक केलेल्या इन्स्टंट ओट्सने शुगर लवकर चढते. ४० ग्रॅमला कपभर पाणी, चिमूटभर मीठ, मंद आचेवर पाच-सात मिनिटं. झालं. तुमच्यासाठी ४० ग्रॅमच योग्य का आणि इन्सुलिन किती, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि चार्ट हातात पडला की तिथेच विचारून घ्या, 'हे वजन कोरडं की शिजलेलं?' मी तेच विचारलं नव्हतं.

आणि तुम्हाला डायबेटिस नसेल, तर एवढंच करा. मेसमध्ये कुणी वाटी काट्यावर ठेवताना दिसलं, तर 'किती नखरे!' म्हणू नका. ते नखरे नसतात. तो त्या दिवसाचा हिशेब असतो.