‘एवढ्याने काय होतंय?’



रिपोर्टवर ‘मधुमेह’ हा शब्द पहिल्यांदा दिसतो, तेव्हा माणूस डॉक्टरांचे थोडेच ऐकतो. मनात वेगळेच प्रश्न चालू असतात. कामावर कळले तर काय म्हणतील? घरात माझ्यापुरता वेगळा स्वयंपाक करायचा का? नाताळात लोकांच्या घरी जायचे की नाही? बेळगावातल्या आपल्या धर्मग्रामात आजाऱ्यांच्या भेटीला गेलो की हे प्रश्न आमच्या कानावर येतात. त्यावर आमचे म्हणणे एकच आहे. गोळी डॉक्टर देतील, पण पथ्य एकट्याने पाळता येत नाही. भोवतालच्या माणसांनी ते पाळू द्यावे लागते.

हा दोन-चार घरांचा प्रश्न राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि सर्वांत जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, प्रौढांमध्ये २६.४ टक्के. आपल्यातल्या कितीतरी घरांची सोयरीक गोव्यात आहे. म्हणजे लग्नाच्या पंगतीत चौघे बसले, तर त्यातल्या एकाला साखर असू शकते.

आधी कामाचे बोलू. आपल्यातले अनेक जण उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आणि वर्कशॉपमध्ये पाळीने काम करतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचे जेवण लांबले, तर साखर एकदम उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे गोंधळते. आता फाउंड्रीत घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळे हा घाम वेगळा आहे हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ओळखता येत नाही. म्हणूनच लपवू नये. सगळ्या कारखान्याला सांगायची गरज नाही, पण पाळीतल्या एका भरवशाच्या सोबत्याला आणि सुपरवायझरला सांगून ठेवावे. साखर ७० च्या खाली गेली किंवा तशी लक्षणे दिसली, की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी आणि नंतर थोडे खावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. पाळी बदलली की गोळीची वेळ आपल्या मनाने बदलू नये, डॉक्टरांना विचारावी. घरी आल्यावर बूट काढून तळपाय रोज बघावेत, कारण बधिर झालेल्या पायाला चटका किंवा जखम कळत नाही.

आता ताटाचे. वेगळा स्वयंपाक लागत नाही. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव ताटात डाळ, उसळ किंवा मासे, उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. एवढी वाटणी घरातल्या सगळ्यांनाच मानवते. ज्वारीची भाकरी चांगली, पण म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. ‘गूळ चालतो’, ‘मध चालतो’ हेही खरे नाही, दोन्ही साखरच आहेत. कामावर दिवसाला चार वेळा गोड चहा होत असेल, तर पहिला बदल तिथेच करावा.

हे सगळे सांगणे सोपे आहे. अडते ते दुसऱ्याच्या घरी. नाताळात नेवऱ्या, दोदोल आणि केक पुढे येतात, बारशाला कुंदा येतो, आणि सोबत ते वाक्य येते : ‘एवढ्याने काय होतंय?’ म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. आपल्याकडे आग्रह न करणे म्हणजे पाहुण्याचा अपमान. पण एका संध्याकाळी सहा घरी गेलेला माणूस ते वाक्य सहा वेळा ऐकतो. प्रत्येक घरी ‘एवढेच’ असते, त्याच्या रक्तात मात्र सहांची बेरीज होते. मग तो एक तर खातो, नाही तर येणेच बंद करतो. दोन्हींत नुकसान आहे. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना म्हटले आहे, की आपल्या खाण्यामुळे भाऊ अडखळणार असेल तर आपण ते खाणेच सोडू. तिथे वाद मूर्तींना वाहिलेल्या मांसाचा होता, तरी नियम आपल्या केकच्या ताटालाही लागू पडतो. दानिएलाने राजाच्या पंगतीतले अन्न नाकारले, तेव्हा त्याच्यासोबत तीन मित्र होते, हेही विसरू नये.

काही जण भक्तीपोटी स्वतःला त्रास करून घेतात. सकाळच्या मिस्साला गोळी न घेता, उपाशी येतात. चर्चच्या कायद्याप्रमाणे पाणी आणि औषधाने कम्युनियनपूर्वीचा उपवास मोडत नाही, आणि आजारी माणसाने तासाभरात काही खाल्ले असले तरी त्याला कम्युनियन घेता येते. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडेचा उपवासही आजाऱ्याला बंधनकारक नाही. ज्याला उपवास झेपत नाही, त्याने दुसरे प्रायश्चित्त धर्मगुरूंना विचारून निवडावे.

आणि प्रार्थना केली म्हणून गोळी सोडावी, असे कुणी सांगितले तर ऐकू नका. टोरांटोत १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा टोचले गेले. त्याआधी असा आजार जडलेली मुले फार काळ जगत नसत. संशोधकांनी त्याचे हक्क नाममात्र एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. ज्याला देवाची कृपा बघायची असेल, त्याने तीही कृपाच समजावी.

म्हणून आमची विनंती अशी. येत्या रविवारपासून मिस्सानंतर हॉलमध्ये एक किटली बिनसाखरेच्या चहाची असावी, आणि बिस्किटांशेजारी फुटाणे किंवा शेंगदाणे. कुणी ‘नको’ म्हटले तर कारण विचारू नये. पाणी पुढे करावे आणि शेजारी बसून गप्पा माराव्यात. पाहुणचार त्यातही होतो.

भाकरी मोडून सर्वांना देणारा प्रभू आपल्याला एकमेकांची काळजी घेण्याची बुद्धी देवो. आमेन.