बंदूक घ्यायची, पण कोणती?

भाताने लोंबी धरली की रानडुकरांची धाड ठरलेली. एका रात्रीत दोन-चार गुंठे लोळवून जातात. मग घरात बंदुकीचा विषय निघतो.

हल्ली तरुण मुलांचा ओढा सेमी-ऑटोमॅटिककडे दिसतो. पहिला बार उडाला की त्याच्याच गॅसने किंवा धक्क्याने रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत येते. ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन कारागिराने 1900 साली अशा बंदुकीचे पेटंट घेतले. पाण्यावरून उठणाऱ्या बदकांच्या थव्यावर ती तिकडे चालते, आणि तिथेही अशा पक्ष्यांसाठी एका वेळी तीनच काडतुसे भरता येतात. आपल्याकडे 1991 साली वन्यजीव कायद्यातून शिकारीचे परवानेच गेले. मग बदकांसाठी केलेली बंदूक भाताच्या बांधावर कशाला?

आधी परवान्याचे पाहा. शस्त्र कायद्याप्रमाणे पीक संरक्षणासाठी पहिला मान ठासणीच्या बंदुकीचा आहे. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बाराबोर, मिळू शकते. म्हणून अर्जात जनावराचा उपद्रव नीट मांडा, पंचनामे जोडा.

ठासणीची स्वस्त पडते, पण तिला माया लावावी लागते. काळ्या दारूची काजळी ओल ओढते आणि नळीला आतून गंज चढतो. बार काढला की त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवा, कोरडी करा, तेलाचा बोळा फिरवा. दुसरा धोका मोठा आहे. भरलेली बंदूक रिकामी समजून पुन्हा ठासली, तर नळी फुटते. यावर जुन्या माणसांचा उपाय सोपा: नळी रिकामी असताना गज आत सोडून तोंडाशी खूण करायची. पुढे गज खुणेपर्यंत गेला नाही तर आत काहीतरी आहे.

बाराबोर मिळत असेल तर माझे मत दुनळीला. कारण घर. दुनळी मोडली की दोन्ही घरे उघडी पडतात, काडतूस आहे की नाही हे आजीलाही दिसते. सेमी-ऑटोमॅटिकची खालची नळी रिकामी केली तरी एखादे काडतूस वर घरात राहून जाते. रात्री दमून आलेल्या माणसाने बंदूक कोपऱ्यात टेकवली आणि सकाळी पोराने चाप ओढला, तर पुढचे काय सांगावे? शिवाय तिच्या आतल्या भागांना चिखल आणि दमट हवा सोसत नाही.

जुनी दुनळी घेत असाल तर ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या. बंद करून हलवून पाहा. सांधा खुळखुळला तर सोडून द्या. नळी उजेडाकडे धरून आतून बघा, खड्डे किंवा पोचे नकोत. नळीवर नागमोडी नक्षी दिसली तर ती दमास्कस. तिच्यात आजच्या दारूची काडतुसे घालू नका. जुन्या काही बंदुकांचे घर अडीच इंची असते. पावणेतीन इंची काडतूस त्यात बसल्यासारखे वाटते, पण उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. दस्ता कोपराच्या बेचक्यात ठेवला की बोट चापाला पोहोचले पाहिजे; आखूड माणसाने लांब दस्ता घेतला तर खांदा सुजतो.

छऱ्यांचेही ध्यानात असू द्या. एलजीचे मोठे गोळे कामाचे पस्तीस-चाळीस यार्डांपर्यंतच, पण सुटलेला गोळा अर्धा किलोमीटरहून पुढेही जातो. पलीकडे वाडी असेल तर त्या दिशेला बार नको. आणि डुक्कर मारायचे असेल तर वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. बंदुकीच्या परवान्यात ती येत नाही. बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत.